पिक्चर सुरू होण्याआधी

आजचं बोलणं सिनेमावर आहे, पण सिनेमातल्या गोष्टीवर नाही. तिकिटावर छापलेली वेळ आणि पिक्चर खरोखर सुरू होतो ती वेळ, या दोन्हींच्या मधे पडद्यावर जे काही चालतं, त्याबद्दल आज बोलू.

२०२३ च्या जूनअखेरीला 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा गावोगावच्या बायका गटागटानं टॉकीजला निघाल्या होत्या. कुणी जीप ठरवली, कुणी एसटीनं गेल्या, साड्या एकमेकींना विचारून नेसल्या, गॉगल लावून फोटो काढले. परत आल्यावर पिक्चरबद्दल सगळ्या भरभरून बोलत होत्या. पण एक कुरकुर बऱ्याच जणींच्या तोंडी होती. सोन्यावरचं कर्ज, सिमेंट, साबण, वेलची, पुन्हा सोन्यावरचं कर्ज. जाहिराती संपता संपत नव्हत्या. शहरातल्या बाईला हे कंटाळवाणं वाटतं, गावाकडच्या बाईचा त्यात जीव वरखाली होतो. शेवटची गाडी चुकली तर करायचं काय? घरी सासूबाईंना सांगितलेली वेळ टळली तर पुढच्या वेळी कोण सोडणार? आणि मनात एक प्रश्न येतोच, की तिकिटाचे पैसे आपण मोजलेत, मग दुसऱ्याचा माल आपण का बघायचा?

हा प्रश्न आजचा नाही. सिनेमा आपल्याकडे आला तेव्हापासून पडद्यावरच्या वेळेवर कुणी ना कुणी हक्क सांगत आलेलं आहे.

आपल्या देशात हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली ती मुंबईत, वॉटसन हॉटेलात, ७ जुलै १८९६ ला. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. तिकीट चार आण्यांपासून पुढे, आणि पडद्यातल्या बायकांसाठी वेगळे बॉक्स राखून ठेवल्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिलेली होती. म्हणजे पहिल्याच महिन्यात बाईला सिनेमाला बोलावणं होतं, हे आपण लक्षात ठेवू. पुढे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्या खेळात एकटा पिक्चर नव्हता. जोडीला नाच होता, हातचलाखीचे आणि विनोदाचे खेळ होते. लोकांना तासन् तास चालणाऱ्या नाटकाची सवय, त्यामुळे दीड तासाचा खेळ त्यांना तोकडा वाटायचा. सुरतेला गल्ला होईना, तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, की सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे! लोक आले.

त्या काळी जाहिरात टॉकीजच्या बाहेर असायची आणि माणसाला आत आणायचं काम करायची. हळूहळू दुकानदारांच्या लक्षात आलं, की आत अंधारात शेकडो माणसं एकाच दिशेला तोंड करून बसलेली आहेत आणि उठून जाणार नाहीत. असा बाजार दुसरीकडे कुठे मिळणार?

इथून स्लाईडचा जमाना सुरू झाला. आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या बायांनी त्या बघितल्या असतील. काचेचा छोटा चौकोन, त्यावर पेंटरनं रंगवलेली अक्षरं, कोपऱ्यात एखादं चित्र. मागून उजेड पाडला की पडद्यावर मोठं होऊन दिसायचं. कापडाचं दुकान, भांड्यांचं दुकान, फोटो स्टुडिओ, चष्मेवाला. मधेच 'थुंकू नये', 'धूम्रपान करू नये'. सोलापूर हे गिरणीचं गाव. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि त्यामागून बाकीच्या आल्या. पगार हातात पडणारा कामगार, हातमाग आणि यंत्रमागवाले, आठवड्याच्या बाजाराला आलेले शेतकरी, सगळे टॉकीजला जायचे. भागवत, प्रभात, आशा, गेंट्याल ही नावं सोलापूरकरांना नुसत्या पत्त्यासाठीसुद्धा उपयोगी पडतात. त्यात या गावात मराठी, तेलुगू, कानडी, दखनी सगळ्या भाषा नांदतात. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी तेलुगू पिक्चरचीच जास्त गोडी. स्लाईडवर दोन ओळी लिहायच्या आणि वस्तूचं चित्र काढायचं, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळायचं.

स्लाईडबद्दल माझं मत काहीसं मऊ आहे. ती जाहिरातच होती, पण ती गावातल्या दुकानाची होती. पेंटर गावातला, दुकानदार गावातला, टॉकीजचा मॅनेजरही ओळखीचा. पैसे गावातच फिरायचे. शिवाय स्लाईड लागायची ती लोक आत येऊन जागा शोधत असताना. बायका पोरांना मांडीवर घेऊन बसेपर्यंत, शेंगांची पुडी सोडेपर्यंत ती चालायची. तिच्यामुळे कुणाचा वेळ मोडत नव्हता.

गावाकडे हे असं नव्हतं. गावात टॉकीजच नव्हती, तिथे जत्रेला तंबू यायचा. ट्रकवर मशीन, कनातीचा आडोसा, खाली जमिनीवर बसायचं, बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला. दिवसभर भोंगा लावलेली गाडी गावातून पिक्चरचं नाव पुकारत फिरायची. या तंबूतल्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी महाराष्ट्रात फिरून एक माहितीपट केला, 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स'. २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात तो दाखवला गेला आणि त्याची तिथे खास नोंद घेतली गेली. तोवर इथले तंबू मात्र बरेचसे उठून गेले होते.

मोठ्या कंपन्या पडद्यावर आल्या त्या आपल्या चुलीचा रस्ता धरून. १९३७ साली डालडा बाजारात आला. तुपाला सवकलेल्या घरांत हे नवं वनस्पती तूप कोण घेणार? १९३९ साली कंपनीनं जाहिरातीचा असा धुरळा उडवला, की त्याचं उदाहरण आजही देतात. डालड्याच्या डब्यासारखी दिसणारी गोल गाडी रस्त्यांवरून फिरवली, चव घ्यायला पदार्थ तळून दिले, पत्रकं वाटली, आणि एक छोटा चित्रपट काढून तो टॉकीजमध्ये आणि तंबूत दाखवला. बाईच्या कढईत काय पडावं हे पडद्यावरून सांगायला तेव्हापासून सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही.

आता सरकारकडे वळू. पिक्चरच्या आधी बळजबरीनं काही दाखवण्याचा कायदा प्रथम केला तो सरकारनं, आणि तेही इंग्रज सरकारनं. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४३ साली भारत संरक्षण नियमांखाली हुकूम निघाला, की प्रत्येक खेळात सरकारनं मंजूर केलेली फिल्म, जास्तीत जास्त दोन हजार फुटांपर्यंत, दाखवलीच पाहिजे. दोन हजार फूट म्हणजे पडद्यावर साधारण बावीस मिनिटं. त्यासाठी 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' आणि 'इंडियन न्यूज परेड' अशी खाती उघडली होती. युद्ध कसं जिंकत चाललो आहोत, सैन्यात कसं भरती व्हावं, हे त्यात असायचं. आणि या फिल्मचं भाडं टॉकीजवाल्यानं सरकारला द्यायचं!

हे सोलापूरच्या माणसाला कसं वाटलं असेल? १९३० च्या मे महिन्यात या गावात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली होती. त्याला जेमतेम बारा वर्षं झाली होती. 'भारत छोडो' नुकतंच पेटून गेलं होतं. अशा गावात तिकिटाचे पैसे देऊन इंग्रजांच्या फौजेचं कौतुक बघायचं.

युद्ध संपल्यावर १९४६ साली ही खाती बंद झाली. वाटलं, सुटलो. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ मध्ये आपल्याच सरकारनं फिल्म्स डिव्हिजन सुरू केलं आणि तीच जुनी रीत पुन्हा लावली. टॉकीजच्या परवान्यातच अट, की मंजूर माहितीपट किंवा बातमीपट दाखवल्याशिवाय खेळ करायचा नाही, आणि त्याचं भाडं म्हणून गल्ल्यातला टक्काभर द्यायचा. आपण लहानपणी ज्याला 'न्यूज' म्हणायचो ते हेच. काळ्यापांढऱ्या चित्रात धरण, पंचवार्षिक योजना, पूर, पंतप्रधान विमानातून उतरताहेत, शेवटी क्रिकेट. मग पाटी पडायची सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची. तिच्यावर रिळांचा आकडा असायचा आणि पोरं मोठ्यानं वाचायची. सोळा रिळं म्हटल्यावर सगळे खूश, कारण पिक्चर मोठा.

त्या 'न्यूज'ला लोक नावं ठेवायचे. पुरुष बाहेर विडी ओढत उभे राहायचे, ती संपली की आत. बायका मात्र बसून बघायच्या, कारण बाईला टॉकीजच्या दारात उभं राहायची सोय नव्हती. त्यामुळे देवीची लस, स्वच्छ पाणी, बाळाचा आहार, 'लाल त्रिकोण' हे सगळं बायकांच्या डोळ्यांखालून जास्त गेलं. पाळणा लांबवण्याबद्दल घरात चकार शब्द काढता येत नव्हता, तिथे सासू आणि सून शेजारी शेजारी बसून तो त्रिकोण बघत होत्या. कंटाळवाणं होतं, सरकारची आरती होती, हे खरं. पण त्यातून काही जणींच्या कानावर पहिल्यांदा काही पडलं, हेही खरं, आणि मला ते खोडून टाकता येत नाही.

टॉकीजवाले मात्र या सक्तीविरुद्ध भांडत राहिले. आमच्या पडद्यावर आम्ही काय दाखवायचं हे सरकार कसं ठरवणार आणि वर पैसे कसे घेणार, असा त्यांचा मुद्दा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९९ साली न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. लोकांना माहिती देणाऱ्या फिल्म दाखवायला लावणं म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे, असं ठरलं. तो निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती होत्या सुजाता मनोहर, आपल्या मुंबईच्या. घरोघरी टीव्ही आल्यावर 'न्यूज'ची ती शानही गेली आणि २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन दुसऱ्या सरकारी महामंडळात विलीन झालं.

दरम्यान धंद्याच्या जाहिराती वाढत होत्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात विकोच्या जाहिराती टॉकीजमध्ये इतक्या वाजल्या, की त्यांची चाल अजून लोकांना येते. १९५२ साली मुंबईत परळला केशव विष्णु पेंढरकरांनी सुरू केलेला तो घरगुती धंदा. एका मराठी घराची पावडर पडद्यावरून देशभर गेली, याचं कौतुक वाटायचं. तेव्हा जाहिरात दोन-चार मिनिटांत संपायची आणि लोक तिच्याबरोबर गुणगुणायचे.

मग बदललं काय? एक म्हणजे रीळ गेलं. आता पिक्चर उपग्रहावरून किंवा डिस्कमधून येतो. यूएफओ, क्यूब अशा कंपन्या तो टॉकीजला पोचवतात आणि सोबत जाहिरातीही पोचवतात. कुठल्या गावात काय दाखवायचं हे दूर कुठल्यातरी ऑफिसात ठरतं. करमाळ्याच्या बाईला मुंबईतल्या बत्तीस मजली घराची जाहिरात दिसते ती यामुळे. दुसरं म्हणजे हिशेब. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा वितरकाला आणि कराला जातो. जाहिरातीचे आणि खाण्यापिण्याचे पैसे मात्र टॉकीजच्या गल्ल्यात राहतात. वर्षभर सगळे शो भरत नाहीत, वीजबिल आणि पगार चुकत नाहीत. एकपडद्याची टॉकीज चालवणं किती जिकिरीचं झालंय हे सोलापुरात डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे मालकाला जाहिरात हवी असणं मला समजतं. पण मॉलमधल्या थिएटरात तिकीटही महाग, पॉपकॉर्नही महाग आणि जाहिरातीही सगळ्यात जास्त, याचं समर्थन कसं करायचं ते मला कळत नाही.

एक जाहिरात मात्र अशी आहे, की ती सोलापुरात बघताना अंगावर येते. २ ऑक्टोबर २०१२ पासून नियम झाला, की पडद्यावर तंबाखू दिसणार असेल तर पिक्चरच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फिल्म दाखवायची. गुटख्यानं तोंडाचा कर्करोग झालेला मुकेश नावाचा तरुण, आपल्या महाराष्ट्रातलाच, मुंबईच्या टाटा रुग्णालयात बोलतो. सगळ्या देशानं त्याला बघितलं. पोरं त्याची नक्कल करतात, ते मला आवडत नाही.

आता विचार करा, त्या खुर्चीवर कोण बसलंय? सोलापूर हे गिरण्यांइतकंच विड्यांचं गाव. हजारो बायका तेंदूची पानं भिजवतात, कातरतात, तंबाखू भरून विड्या वळतात, दिवसाला हजाराच्या हिशेबानं मजुरी घेतात. गिरण्या बंद पडल्या तेव्हा घराची चूल या बायकांनी पेटती ठेवली. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्घाटनाला आले होते. ती घरं विडीच्या मजुरीवर आणि बायकांच्या लढ्यावर उभी आहेत. त्यातली एखादी बाई सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन पिक्चरला जाते. पडदा सांगतो, विडी माणसाला मारते. ते खोटं नाही. तंबाखूची धूळ तिच्या छातीत रोज जाते, तिच्यापेक्षा जास्त ते कुणाला माहीत असणार? पण वळायचं सोडलं तर काय करायचं, हे पडदा सांगत नाही.

आणि हे झाल्यावर पुढच्याच मिनिटाला काय लागतं? मोठ्ठा नट, चकचकीत गाडी आणि हातात वेलचीची पुडी. आपल्याला कळतं ती कशाची जाहिरात आहे. तंबाखूची जाहिरात करायला बंदी, म्हणून त्याच नावानं वेलची विकायची. विडी वळणाऱ्या बाईला उपदेश आणि पुडीवाल्याला पडदा, ही वाटणी मला न्यायाची वाटत नाही. जाहिराती किती मिनिटांच्या, यापेक्षा मला याचा जास्त राग येतो.

मिनिटांचंही ऐका. २६ डिसेंबर २०२३ ला बंगळूरमध्ये एका माणसानं पीव्हीआर-आयनॉक्समध्ये 'सॅम बहादूर'ची तिकिटं काढली होती. वेळ होती चार वाजून पाच मिनिटं, पिक्चर सुरू झाला साडेचारला. मधली पंचवीस मिनिटं बहुतेक सगळी जाहिरातीत गेली. त्याचं पुढचं काम खोळंबलं. तो ग्राहक आयोगात गेला. सरकारी फिल्म दाखवणं आम्हाला बंधनकारक आहे, असं कंपनीनं सांगितलं, पण दाखवलेल्या जाहिराती बहुतांशी धंद्याच्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं निकाल दिला, की लोकांचा वेळ वापरून कुणी फायदा करून घेऊ नये, आणि तिकिटावर पिक्चरची खरी वेळ छापा. त्या माणसाला त्रासाबद्दल वीस हजार आणि खर्चाचे आठ हजार, शिवाय ग्राहक कल्याण निधीत एक लाख भरा. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं या आदेशाला स्थगिती दिली. एका माणसाच्या तक्रारीवर आयोगानं सगळ्या लोकांसाठी नियम घालून दिला, हे त्याच्या अधिकारात बसत नाही, असं न्यायालयाला वाटलं.

१९४३ सालची बावीस मिनिटं आणि २०२३ सालची पंचवीस मिनिटं शेजारी ठेवून बघा. तेव्हा वेळ सरकार घेत होतं, आता बाजार घेतो.

टीव्हीला तासाला बारा मिनिटांची मर्यादा नियमात लिहिलेली आहे. आपल्या सामुदायिक रेडिओला २००६ च्या धोरणात तासाला पाचच मिनिटं जाहिरात दिली होती, पुढे ती वाढवली. टॉकीजच्या पडद्याला असा साधा, सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा हवा, असं माझं म्हणणं आहे. आणि त्या मिनिटांतली काही गावातल्या धंद्यांना स्वस्तात मिळावीत. आपल्या गटांची शेंगाचटणी, कडक भाकरी पुण्या-मुंबईला जाते, पण सोलापूरच्या पडद्यावर ती कधी दिसली का? काचेच्या स्लाईडवर ते परवडलं असतं.

तोवर, गटानं पिक्चरला जायचं ठरवलं तर आधी टॉकीजला फोन करून विचारा, की खेळाची वेळ नको, पिक्चर किती वाजता चालू होतो आणि किती वाजता सुटतो ते सांगा. चाळीस-पन्नास बायका येणार म्हटल्यावर मॅनेजर नीट सांगतो. तिकीट फाडून टाकू नका, त्यावरच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही. आधी नुसती विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे १९१५. तिथे मराठीत बोललं तरी चालतं.